गप झालं की उठायचं

दुपारी तीनला लाइट गेली आणि पंखा थांबला. झालं ते एवढंच. एप्रिलच्या अखेरीला नळदुर्गात लाइट जाणं ही काही सांगायची गोष्ट नाही. आली तर शेजारी एकमेकांना सांगतात. पण त्या दिवशी पात्यांनी शेवटचा एक आळशी फेरा घेतला, त्यांची खर्र-टक, खर्र-टक विझत गेली, मागच्या हायवेवर नेमका त्याच घडीला एकही ट्रक नव्हता, आणि मला समर्थचा श्वास ऐकू आला. पाच महिन्यांचा होता तो. पाच महिन्यांत मी त्याचा श्वास पाहिला होता, नाकाखाली बोट धरून अजमावला होता, एकदा तर त्याच्या पोटावर कापसाचा बोळा ठेवून तो वर-खाली होताना तासभर बघत बसले होते. ऐकला मात्र नव्हता. बारीक, ओलसर, चाळणीतून पीठ झरावं तसा. मी कान त्याच्या तोंडाशी नेला आणि सगळं अंग त्या कानात गोळा करून पडून राहिले. आणि तो थांबला. मी मोजू लागले. तीन. चार. बाहेर कुणाच्या तरी हापशाचा दांडा एकदा करकरला. सहा. सातला तो परत आला, तीन-चार घाईचे श्वास एकामागून एक, कुठूनतरी धावत आल्यासारखे, आणि मग पुन्हा पीठ झरू लागलं. त्याची झोप मोडली नव्हती. चेहऱ्यावर काही नव्हतं. जे झालं ते त्याला न कळता झालं होतं, आणि घरात ते माहीत असणारी मी एकटीच होते.

तसं हे मला सांगितलेलं होतं. तो आठव्या महिन्यात झाला, सोलापूरच्या दवाखान्यात अकरा दिवस काचेच्या पेटीत होता, आणि तिथली एक सदा घाईत असणारी सिस्टर मला म्हणाली होती, "दिवस भरायच्या आधीची लेकरं असंच करतेत बघा. पाच-सात सेकंद दम खातेत, मग घेतेत. वीसपर्यंत गेलं तर सांगा." वीसपर्यंत गेलं तर घरी कुणाला सांगायचं, हे विचारायच्या आत ती पुढच्या पेटीकडं गेली होती. पेटीच्या वर यंत्र होतं, त्यात एक हिरवी रेघ उड्या मारत पळायची, आणि काचेच्या आत तो रडायचा. तोंड उघडं, मुठी आवळलेल्या, अंग लालबुंद, पण रडणं माझ्यापर्यंत यायचं नाही. तुळजापूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला एक प्रयोग दाखवला होता. काचेच्या हंडीत विजेची घंटी. पंपानं आतली हवा काढत जायची. घंटीचा टोला हलतच राहतो, आवाज मात्र लांब लांब जात नाहीसा होतो. सर म्हणाले होते, घंटी वाजतेच आहे, फक्त तिला तुमच्यापर्यंत यायला वाट राहिलेली नाही. मी ते वहीत तसंच उतरून घेतलं आणि खाली पट्टीनं रेघ मारली. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि कुठल्याही वाक्याखाली रेघ मारली की ते पाठ होतं, अशी माझी समजूत होती. समर्थला घरी आणलं तेव्हा पेटी नव्हती, हिरवी रेघ नव्हती. डोक्यावर हा पंखा होता. आणि आता मला कळत होतं की त्या खर्र-टकनं पाच महिन्यांत माझ्या लेकराचे असे किती सात-सात सेकंद माझ्यापासून लपवून ठेवले होते. अर्ध्या तासानं लाइट आली. पंखा सुरू झाला, आणि समर्थ माझ्या समोर, हातभर अंतरावर, काचेपलीकडं गेला.

माझे मिस्टर, महारुद्र, एसटीत कंडक्टर आहेत. एक रात्र घरी, एक रात्र मुक्कामी गाडीवर, कुठल्यातरी गावच्या समाजमंदिरात. त्या संध्याकाळी मी फोन करून म्हटलं, "अहो, आपल्याला बिनआवाजाचा पंखा घ्यायचाय." "हा वारं देत न्हाय का?" "देतो." "मग?" "आवाज करतो." "आवाज कशात न्हाय सांग. माझ्या गाडीत बसून बघ एकदा. खिडक्या वाजतेत, शिटा वाजतेत, पत्रा वाजतोय. मी घंटी मारतो ती तेवढी वाजत न्हाय." मी हसले नाही हे त्यांना फोनमधूनही कळलं असावं, कारण आवाज उतरवून ते म्हणाले, "घे बाई घे. लेकराचं अंग घामोळ्यानं भरलंय, पंखा तर चांगलाच पायजे. आईला एकदा विचार तेवढं." आई म्हणजे माझ्या सासूबाई, सीताबाई. मी त्यांना आत्या म्हणते. आत्या अंगणात सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. पंखा बदलायचा म्हटल्यावर त्यांचे हात थांबले. "कशाला गं? चांगला बोलतोय की." "बोलतोय म्हणूनच नको, आत्या." त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणून पुन्हा सूप हलवायला घेतलं. आत्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं आहे. बेंबळीकडच्या माळापासून कर्नाटकाच्या शिवेपर्यंत, घोड्यावर बिऱ्हाड बांधून, आज या शेतात खतासाठी रात्रभर मेंढरं बसवायची, चार दिवसांनी त्या शेतात. महारुद्रांना शाळेत घालायचं म्हणून मेंढरं विकली. भिंतींच्या घरात राहायला लागून त्यांना तीस वर्षं झाली, पण अजून त्या खाटेवर झोपत नाहीत, जमिनीवर घोंगडी टाकतात, आणि उशाला काठी असते.

नागप्पांचं दुकान हायवेला लागूनच आहे. समर्थला खांद्यावर झोपवून मी भर दुपारी गेले, कारण तो झोपलेला असणंच गरजेचं होतं. "पंखा पाहिजे," मी म्हटलं, "पण ऐकून घ्यायचाय." नागप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, पंखा हाय का रेडिओ?" त्यांनी एक सुरू केला, दुसरा सुरू केला, पण दारावरून हैदराबादकडचे ट्रक एकामागून एक जात होते आणि त्या धडधडीत सगळेच पंखे मुके वाटत होते. मी म्हटलं, "शटर जरा खाली घेता का?" ते बायकोकडं बघायला लागले. पार्वतम्मा मागं वायरीची वेटोळी करत बसल्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावरच्या जिवाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "ओढा की खाली. कशापायी म्हणते ती ध्यानात येईना व्हय तुम्हाला?" शटर खाली आलं. अंधार झाला, आणि त्या अंधारात छताला ओळीनं टांगलेले पंखे तेवढे दिसत राहिले. मी समर्थचं तोंड माझ्या कानाशी घेतलं. पहिला पंखा डासासारखा गुणगुणत होता. दुसऱ्यात प्रत्येक फेऱ्याला कुणीतरी उसासा टाकत होतं. मग नागप्पा म्हणाले, "आता?" मला काहीच ऐकू येईना. "चालू करा ना." "चालूच हाय की." समर्थच्या डोक्यावरचं जावळ हलत होतं. वारं माझ्या मानेवरच्या घामाला लागत होतं. आणि कानात, अगदी आत, पीठ झरत होतं. "हाच," मी म्हटलं. शटर वर करता करता नागप्पा सांगायला लागले, "एक म्हातारं हाच घेऊन गेलं आणि आठ दिवसांत माघारी. म्हणतंय, बाबा, वारं लागतंय पण कुठनं येतंय कळंना, भ्या वाटतंय. मी म्हणलं, आजोबा, आवाज पायजे आसंल तर त्याचे येगळे पडतेल." पार्वतम्मा हसल्या. उजेडात डोळे मिचकावत मीही हसले. कित्येक दिवसांनी हसले असेन.

पंखा त्याच संध्याकाळी लागला. जुना नागप्पांच्या माणसानं काढून नेला. स्लॅब दिवसभर तापलेला, तव्यासारखा. रात्री अकरापर्यंत त्याची धग अंगावर उतरत राहायची. पण वारं होतं, आणि वाऱ्याखाली समर्थ झोपला, आणि मी त्याच्या कुशीला कान लावून पडले. पाती फिरताना दिसत होती. ती इतकी निमूट फिरत होती की मला राहून राहून हंडीतल्या घंटीची आठवण यायला लागली, आणि मग ती आठवण मी बाजूला सारली. श्वास ऐकू येत होता. मला पाहिजे होतं ते मला मिळालं होतं. मध्येच तो थांबायचा, मी मोजायची, पाच, सहा, तो यायचा. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. डोळा लागला असावा, कारण मी डोळे उघडले तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी कुणीतरी उभं होतं. उजवा हात समोर धरलेला, तळवा वर, भिक्षा मागावी तसा. मी हललेही नाही. "आत्या?" "चालायलाय का गं?" "चालू आहे." "हाताला लागतंय," आत्या म्हणाल्या, "कानाला लागत न्हाय." मग त्या गेल्या, आणि रात्रीची त्यांची पावलं मी पहिल्यांदा ऐकली. पुढच्या दाराची कडी तपासली. मागचं दार उघडलं. अंगणात पाण्याच्या टाकीपर्यंत गेल्या, लिंबाच्या झाडापर्यंत गेल्या, थांबल्या, परत आल्या. थोड्या वेळानं पुन्हा गेल्या. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच.

चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी विचारलं. महारुद्र आंघोळ करून बसले होते. "आत्या, तुम्हाला रात्री झोप नाही का लागत?" "लागती की. मोडती." "कशानं? आता तर काहीच आवाज नाही." आत्यांनी बशी खाली ठेवली. "मग काय आवाजानं मोडती व्हय झोप?" आणि त्या सांगायला लागल्या, त्या कधी इतकं बोलत नाहीत. "मेंढरं रातीची गप नसतेत गं. खोकतेत, शिंकतेत, पादतेत. आन् रवंथ करतेत. दोन-अडीचशे तोंडं रातभर चघळायलेली असतेत. त्या आवाजात अशी झोप लागती म्हणतेस. पर लांडग्याचा वास आला की चघळणं थांबतंय. समद्यांचं, एकदम. कुत्र्याला मागनं कळतंय, मेंढराला आधी. म्हणून आमच्यात लेकराला पयलं हे शिकवायचं, गप झालं की उठायचं." महारुद्र हसले. "आई, ह्या हायवेवर लांडगा आला तर ट्रकखाली सापडंल." "दिसाया लागतोय व्हय लांडगा?" आत्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. ते पुन्हा हसले. एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, आम्ही दोघी झोपत होतो, आणि एकीला जे ऐकू आलं की जीव धोक्यात आहे असं वाटायचं, तेच ऐकू आलं की दुसरीला झोप लागायची. माझा पंखा त्यांच्यासाठी रोज रात्री लांडगा आणत होता. मी म्हटलं, जुना परत आणू का? पण हे म्हटलं मनातच. परत आणला तर समर्थ पुन्हा काचेपलीकडं जाणार होता, आणि हे मला कुणालाही समजावून सांगता आलं नसतं.

मे लागला. रात्री लांबत गेल्या, म्हणजे माझ्या. शांततेनं मला श्वास दिला होता तसे थांबेही दिले होते, आणि आता मला थांबेच जास्त ऐकू येत होते. सात. नऊ. एकदा अकरा. नऊच्या पुढं गेलं की मी त्याच्या तळपायाला नखानं टिचकी मारायची, तो दचकून रडायचा, मी त्याला घट्ट धरायची आणि माझ्या छातीशी त्याचं रडणं हिरव्या रेघेसारखं उड्या मारायचं; मला बरं वाटायचं. गावातल्या डॉक्टरांनी त्याचं वजन केलं, छाती तपासली, आणि म्हणाले, "पोरगं ठणठणीत आहे. रात्री चार-चारदा उठवलं तर तेच आजारी पडेल. तुम्ही झोपा." गोळी लिहून द्यावी तसं म्हणाले. झोपा. मी दिवसा भाजी चिरताना मोजायला लागले, भाकरी थापताना मोजायला लागले. पुलाच्या सांध्यावरून ट्रक गेला की धप्प-धप्प होतं, त्या दोन धप्पांच्या मधे मी किती येतं ते बघायला लागले. समर्थ जागा असताना, मला बघून हसताना, लाळेचे फुगे काढताना तो मला खरा वाटत नसे. झोपला की मग तो खरा, आणि मग तो कधीही थांबू शकणारा. आणि एका रात्री मला तिसराच एक आवाज ऐकू आला. महारुद्र मुक्कामी गेलेले. आवाज ओला होता, संथ होता, आणि तो श्वास नव्हता. काहीतरी चघळलं जात होतं. आधी वाटलं पाल असेल. मग वाटलं मागं कुणाचं तरी जनावर सुटून आलं असेल. मी समर्थभोवती उशा लावल्या आणि उठले. आवाज मधल्या खोलीतून येत होता. आत्या घोंगडीवर उताण्या झोपलेल्या, डोळे मिटलेले, खिडकीतून येणारा हायवेचा पिवळा उजेड निम्म्या चेहऱ्यावर. त्यांचा जबडा चालू होता. तोंडात काही नव्हतं. दात फार उरलेले नाहीत त्यांना. खालचा जबडा आडवा सरकत होता, या बाजूनं त्या बाजूला, थांबत होता, गिळल्यासारखं गळ्याशी काहीतरी वर-खाली होत होतं, आणि पुन्हा. झोपेत, एकटीनं, त्या अडीचशे तोंडांचा आवाज करत होत्या. मी किती वेळ बघत उभी होते मला सांगता येणार नाही. पायाखाली काहीतरी वाजलं असावं. जबडा थांबला, आणि त्याच क्षणी डोळे उघडले. "कोण हाय?" "मी, आत्या." "थांबलं का?" त्यांनी विचारलं. "काय थांबलं?" त्यांनी कूस बदलली. मी परत येऊन समर्थच्या छातीवर अख्खा तळवा ठेवला. तो तळवा उजाडेपर्यंत काढला नाही.

त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी झोपले. ठरवून नाही. विहिरीच्या पायरीवरून पाय सुटावा तशी. महारुद्र मुक्कामी होते, दिवसभर ऊन असं की अंगणातल्या बादलीचं पाणी अंगावर घेववत नव्हतं, रात्री अकराला समर्थला पाजलं, त्याच्या बाजूला आडवी झाले, एक ते चाळीस एवढं आठवतंय. डोळे उघडले तेव्हा खिडकीत राखाडी उजेड होता. डोक्यावर पाती फिरत होती. मी कान दिला. काही नव्हतं. आणखी कान दिला. शेजारी हात नेला तर चादर होती, चादरीवर दुधाचा ओला डाग होता, आणि डागाच्या बाजूला तो नव्हता. पलंगाखाली बघितलं. उशांखाली बघितलं. माझ्या अंगाखालीच नाही ना, म्हणून स्वतःच्या पाठीमागं हात फिरवून बघितला. मधल्या खोलीत घोंगडी नव्हती, काठी नव्हती. मागचं दार सताड उघडं होतं.

आत्या लिंबाखाली बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी, तोंड हायवेकडं. त्यांच्या पाठीशी डालगं पालथं घातलेलं होतं. हे डालगं म्हणजे बांबूच्या कामट्यांची मोठी, विरळ विणीची टोपली. रात्री कोकरं याच्याखाली झाकतात. मेंढरं गेली तरी ते आत्यांनी ठेवून घेतलं होतं, टाकीच्या मागं पडलेलं असायचं, त्यावर कधी मिरच्या वाळत असायच्या. "आत्या," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "समर्थ कुठंय?" "हाय की," त्या मागं न बघता म्हणाल्या. "कोकरात हाय." अंगणात एकही कोकरू नव्हतं. मी गुडघ्यांवर बसले आणि कामट्यांच्या फटीला डोळा लावला. आत घोंगडीची घडी होती, घडीवर समर्थ होता, चेहऱ्यावर उजेडाचे चौकोन पडलेले. ओठ हलत होते, स्वप्नात पीत होता. मी कान लावला. पीठ झरत होतं. पहाटेचं वारं फटीफटीतून त्याच्यावर येत होतं आणि त्याच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. "उचलू नको," आत्या म्हणाल्या, "आताच निवांत झालाय." माझे हात टोपलीच्या काठावर होते आणि त्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं. "कशाला आणलंत त्याला? विचारलं नाहीत. मला उठवलं नाहीत." "गप झालं हुतं." "आत्या, तो पंखा तसाच आहे. त्याला आवाजच नाही." "पंखा न्हाय गं," त्या म्हणाल्या. "तू."

त्या वळल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत बोलल्या. "तू रोज मोजतीस की. एक, दोन, तीन, रातभर. पुटपुटतीस. भिंतीतनं येतंय मला. पयलं मला वाटलं जप करायलीस. मग त्याच्यावरच माझा डोळा लागाय लागला. म्हणलं, हाय कुणीतरी जागं. काल तू गप झालीस." मी आवाजानं मोजत होते हे मला माहीतच नव्हतं. मला वाटत होतं की ते सगळं माझ्या डोक्यात, काचेच्या आत चाललं आहे. "मग मी उठले," आत्या म्हणाल्या, "बघितलं तर तू मेल्यावानी झोपलेली. आन् त्यो उघडा. मग आणला." हायवेवरून एक टँकर गेला, तो लांब जाईपर्यंत त्या थांबल्या. "मल्हार म्हणून हुता. म्हारुद्राच्या आधी. तीन महिन्याचा." महारुद्रांना एक थोरला भाऊ होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं, महारुद्रांना तरी ठाऊक होतं का, कुणास ठाऊक. "असाच उन्हाळा. मेंढरं बसवलेली. मध्यान रातीला गप झालं. म्या उठले, काठी घेतली, डालग्यापशी गेले. कोकरं मोजली. एकवीस. एकवीस भरली. येऊन पडले. पोराला कोण मोजतंय गं? ते तर कुशीतच हुतं. उजाडलं तवा थंड हुतं." हातातल्या काठीनं त्या मातीत काहीच न काढता टोकरत राहिल्या. "लांडगा आलाच नव्हता. कुणीच आलं नव्हतं. समदे म्हणले, तुझ्याच अंगाखाली आला. सासू म्हणली, मालक म्हणले. आला नव्हता. मला म्हाईत हाय, आला नव्हता." मग माझी समजूत घालावी तशा म्हणाल्या, "कोकरात ठिवला की मोजण्यात येतो. मग चुकत न्हाय."

समर्थ उठेपर्यंत मी तिथंच बसले. टोपली उचलली नाही. महारुद्र दहाला आले. मी त्यांच्याशी मल्हारबद्दल बोलले नाही, ते माझं सांगायचं नव्हतं. पण पहाटेचं सांगितलं. ते घामेजलेला खाकी शर्ट काढता काढता थांबले. "वय झालंय तिचं," ते म्हणाले. "काय करंल नेम न्हाय. मी नसतो तवा आतनं कडी लावून झोपत जा." बरोबरच होतं ते. दिवसभर मला ते बरोबर वाटत राहिलं. बांबूची टोपली, अंगणात मोकाट कुत्री, विंचू-काटा, आणि झोपेत नसलेला चारा चघळणारी एक बाई. आणि तरी मधून मधून, काम करता करता, माझ्या लक्षात येत होतं की त्या रात्री मी सहा तास झोपले होते. सहा तासांत तो किती वेळा थांबला असेल ते मला माहीत नव्हतं. ते फक्त आत्यांना माहीत होतं.

पुढच्या मुक्कामाच्या रात्री मी दाराशी गेले. कडी वरची आहे, टाचा उचलाव्या लागतात. हात कडीवर ठेवला आणि दाराच्या पलीकडं मला कुणीतरी उभं असल्याचं कळलं. आवाज काही नव्हता. आत्यांच्या लुगड्याला लोकरीचा, धुराचा वास येतो, तीस वर्षांत गेला नाही तो वास. त्या माझ्यासारख्याच हातभर अंतरावर उभ्या होत्या, आणि कडीचा आवाज होतो का याची वाट बघत होत्या. मी दार ओढलं. "आत या, आत्या." त्या हलल्या नाहीत. "अंगणात न्यायचं नाही त्याला," मी म्हटलं. "इथंच. तुम्ही आधी निजा, मी बसते. दोन वाजता तुम्हाला उठवते. मग तुम्ही." त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग पलंगाकडं, मग वर फिरणाऱ्या पात्यांकडं. "शंभराच्या फुडं येत न्हाय मला," त्या म्हणाल्या. "तेवढं नाही लागत." घोंगडी पलंगालगत अंथरली गेली. काठी त्यांनी भिंतीला टेकवली. माझी पाळी मी मोठ्यानं मोजली, मुद्दाम; पहिल्यांदाच मला माझा आवाज ऐकू येत होता, आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा म्हातारा होता. खाली आत्या घोरत होत्या. दोनला मी त्यांना हात लावला. त्या उठून बसल्या, पलंगाच्या काठावर हनुवटी टेकवली, समर्थच्या अगदी जवळ, आणि मी पाठ टेकली. मी थांबे मोजायची, त्या श्वास मोजायच्या. श्वासाला एक आकडा. एक. दोन. वेशीवर उभं राहून आत येणारं एकेक जनावर मोजावं तसा प्रत्येक आकडा त्या आत घेत होत्या. माझे डोळे मिटत होते, आणि मी ते मिटू देत होते, आणि मला त्याची भीती वाटत होती. चौदा. पंधरा. सोळा. आणि त्या थांबल्या. मी डोळे उघडले. पाती फिरत होती. अंधारात त्यांची हनुवटी पलंगाच्या काठावर तशीच होती, तोंड किंचित उघडं. समर्थ घेत नव्हता. आत्या घेत नव्हत्या. मी घेत नव्हते. खोलीत वारं होतं आणि श्वास कुणाचाच नव्हता. माझा हात त्याच्या तळपायाकडं निघाला होता, आणि त्यांच्या हातानं तो वाटेतच धरला; घट्ट नाही, नुसता धरला. आम्ही तशाच राहिलो. मग कुणीतरी म्हणालं, सतरा. आवाज त्यांचा होता की माझा, ते मला अजून सांगता येत नाही. त्यापुढचे आकडे मी ऐकले नाहीत.